फाटकातून सांगितलेला दर

"फाटकातून दर सांगायचा नाही. आधी आत जायचं, चारी कोपऱ्यांना पाय लावून यायचं, मग तोंड उघडायचं."

बाबांचं हे सांगणं ताईच्या अंगात इतकं मुरलं होतं, की कुणाचंही फाटक दिसलं की तिचं तोंड आपोआप मिटायचं. समोरचा माणूस म्हणायचा, "एवढंसं तर आहे, ताई. इथूनच दिसतंय की सगळं. सांगून टाका आकडा." ताई हसायची, चपला ट्रॅक्टरवर ठेवायची, बाबांचे गमबूट चढवायची आणि काठी घेऊन आत शिरायची. बूट तिला दोन बोटं मोठे होते. पुढे कापडाचा बोळा कोंबला की भागायचं.

गवत किती वाढलंय हे कुणालाही दिसतं. त्याच्या बुडाशी काय आहे, ते फक्त काठीला कळतं. दगड, जुनी तार, कधीकाळी तोडलेल्या झाडाचा खुंट. ट्रॅक्टरमागच्या मोव्हरचं पातं दगडावर आपटलं, की दिवसाची कमाई त्या एका आवाजात जाते. मग ती कडेकडेने चालायची, वळणं मोजायची. लांबट तुकड्यात ट्रॅक्टर सरळ पळतो, चौकोनी तुकड्यात सारखा वळतो, आणि वळताना डिझेल जळतं पण गवताची काडीही कापली जात नाही. ओल किती, उतार किती, यायला-जायला वेळ किती, हे सगळं मनात मांडून ती फाटकापाशी परतायची आणि एकच आकडा सांगायची. एकदा सांगितला की काम वाढलं तरी आकडा वाढवायचा नाही, आणि कुणी गळ घातली तरी कमी करायचा नाही, हा तिचा नेम होता. गिऱ्हाईक कुरकुरायचं, पण पुढच्या खेपेला पुन्हा तिलाच फोन करायचं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मागे एक ट्रॅक्टर, एक मोव्हर, बांधाच्या कडा कापायला खांद्यावर अडकवायचं एक कटर आणि पत्र्याची शेड राहिली. शेडच्या भिंतीवर खिळ्याला एक लांब दांड्याचा विळा टांगलेला होता, यंत्रं येण्याआधीचा. तो कुणी वापरत नव्हतं आणि काढतही नव्हतं.

भाड्याने ट्रॅक्टर चालवणारे त्या भागात चौघं. ताई एक. दुसरे काका, दोन ट्रॅक्टरचे धनी, बाबांचे जुने मित्र, आवाज असा की इंजिन चालू असतानाही ऐकू यावा. तिसरा फिटर, ज्याचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे स्वतःचा एक म्हातारा ट्रॅक्टर. चौथे जुळे भाऊ. माणसं दोन, पण ट्रॅक्टर एक, म्हणून हिशोबात एकच धरायचे. त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा दहा मिनिटांनी मोठा होता आणि ही दहा मिनिटं तो धाकट्याला रोज ऐकवायचा.

मागच्या हंगामात या चौघांनी एकमेकांचे दर पाडले होते. सुरुवात कुणी केली हे आता कुणीच कबूल करत नव्हतं. एकाने तासामागे थोडे कमी केले, दुसऱ्याने त्याहून थोडे. शेवटी जुळ्यांनी एक अख्खं खेळाचं मैदान निव्वळ डिझेलच्या खर्चात कापून दिलं, तिथेच दगडावर आपटून मोव्हरच मोडला, आणि तो बदलायला ट्रॉली विकावी लागली. गिऱ्हाइकांची चंगळ झाली. चौघांची यंत्रं मात्र दुरुस्तीअभावी कुरकुरायला लागली.

म्हणून या वर्षी गवत गुडघ्याला लागायच्या आत काकांनी सगळ्यांना गॅरेजात बोलावलं.

बसायला टायर होते. फिटरने ऑइलच्या डब्यावर पुठ्ठा ठेवला, कानामागची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "बोला. खोडून देणार नाही, एकदाच लिहिणार."

"ट्रॅक्टर तासावर," काका म्हणाले. "मोव्हर एकरावर. खांद्यावरचं कटर तासावर. उताराला वेगळे, दगडाला वेगळे. आणि अर्ध्या तासाचं काम असलं तरी एक तास धरायचा, कारण तिथवर जायला ट्रॅक्टरला पंख नाहीत."

तासाला डिझेल किती यावर पाऊण तास वाद झाला. काका म्हणाले चार लिटर, फिटर म्हणाला, "तुमच्या ट्रॅक्टरला चार, माझ्याला सहा, तो म्हातारा आहे, त्याला भूक जास्त." शेवटी पाच धरले. पात्यांची झीज धरली, ग्रीस धरलं, चालवणाऱ्याची मजुरी धरली. धाकटा जुळा म्हणाला, "मजुरी कशाला? आम्ही स्वतःच चालवतो." ताई हळूच म्हणाली, "उद्या तुमची पाठ धरली आणि माणूस लावावा लागला, तर त्याला काय टायर खायला घालाल?" सगळे हसले. मजुरी पुठ्ठ्यावर गेली.

आकडे ठरले. ते रास्त होते. ताईने मनातल्या मनात आपल्या आठ-दहा गिऱ्हाइकांच्या जमिनींना लावून पाहिले, आणि ते बसले.

तेवढ्यात मोठा जुळा घसा खाकरून म्हणाला, "फक्त आमच्या मावशीला जरा सूट द्यावी लागेल."

"कुठल्या मावशीला?" काकांनी विचारलं.

"तळ्याजवळच्या."

"आणि गिरणीमागच्या आत्याला," धाकटा म्हणाला.

"आणि शाळेसमोरच्या मामेसासऱ्यांना."

"अरे, तुमचं गोत आहे की मतदारयादी?" काका कडाडले. "अर्धा गाव तुमचा पाहुणा. त्यांना सूट दिली की उरलेला अर्धा गाव येऊन आमच्या उरावर बसेल!"

जुळे एकदम बोलायला लागले, काका त्यांच्यावर चढले, फिटरने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. ठरलेलं सगळं विस्कटायच्या बेताला आलं. ताईचा स्वभाव आवाज चढवणारा नव्हता. सगळे दम घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, "मग सूट कुणालाच नको. सख्ख्या भावालासुद्धा नको. म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको."

काकांनी मांडीवर थाप मारली. "बघा, बापाची लेक! लिही रे फिटर. सूट कुणालाच नाही."

फिटरने ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग काकांनी प्रत्येकाला ते मोठ्याने म्हणायला लावलं. जुळ्यांनी दोनदा म्हटलं, एकेकाने. ताईने म्हटलं. पुठ्ठ्याच्या चार प्रती झाल्या आणि प्रत्येकाने आपापल्या शेडमध्ये लावायला नेली.

ताई घरी आली ती समाधानाने. पुठ्ठा लावायला भिंतीवर एकच जागा बरी होती, विळ्याच्या शेजारची. खिळा ठोकून होतोय तोवर फोन वाजला.

"ताई, मी रजईवाली बाई. गवत पोटरीपर्यंत आलंय गं. नेहमीप्रमाणेच ना?"

"हो, बाई," ताई म्हणाली आणि मग तिची नजर पुठ्ठ्यावर गेली.

रजईवाल्या बाई एकट्या राहायच्या, घराच्या पुढच्या खोलीत रजया शिवायच्या. त्यांचं गवत बाबा कापायचे ते जुन्याच दराने, आत्ता पुठ्ठ्यावर लिहिलेल्या दराचा चौथा हिस्साही न भरणाऱ्या. का, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. बाबा गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीत बाईही आल्या होत्या. उठताना त्यांनी ताईचा हात धरून एवढंच विचारलं, "पुढे कसं गं?" आणि ताईने म्हटलं होतं, "बाबांनी ठेवलंय तसंच राहील, बाई." गेल्या वर्षी ती त्याप्रमाणे गेलीही होती. त्यात तिचे दोन दिवस मोडले होते.

आणि गॅरेजात, टायरवर बसून, जुळ्यांच्या मावश्या मोजताना, तिला या बाई आठवल्याच नव्हत्या. सगळ्या जमिनी तिने मनात लावून पाहिल्या, ही एक सोडून. जिथून पैसा येत नाही ती जमीन हिशोबाच्या वेळी डोळ्यांसमोर येतच नाही.

दोन शब्द दिले होते, दोन्ही तिने स्वतःच्या तोंडाने. एक पाळला की दुसरा मोडणार होता. जेवताना आईने दोनदा विचारलं, "अगं, भाजीत मीठ नाही का?" ताई म्हणाली, "आहे की." मीठ नव्हतंच.

सकाळी ती आधी काकांकडे गेली. काका पाइप धरून ट्रॅक्टर धूत होते. तिने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. काकांनी पाइप खाली ठेवला, पण पाणी बंद केलं नाही.

"पोरी, तू म्हणतेस ते मला कळतं. पण आज तुझी बाई, उद्या जुळ्यांची मावशी. सूट नको असं कोण म्हणालं? मी म्हणालो?"

"मीच म्हणाले."

"मग? पुठ्ठा लावून एक दिवस नाही झाला अजून. तूच पहिली मोडलीस तर मी त्या दोघांना कुठल्या तोंडानं धरू?"

काका रागावून बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. ते बरोबर होते. पाण्याचा ओघळ तिच्या बुटांपर्यंत येऊन पोचला तेव्हा ती निघाली.

बाईंचं फाटक हिरवं होतं, एका बिजागरीवर झुकलेलं. त्यातून पाहिलं की घरासमोरचा सपाट चौकोन दिसायचा, अंगणापेक्षा थोडा मोठा. बस. सगळी जमीन घराच्या मागे होती, आणि घरामागे ती एकदम खाली उतरत जायची, तीन दगडी बांध ओलांडून, थेट ओढ्यापर्यंत. गवत वाढलं की बांध दिसायचे नाहीत. ट्रॅक्टर तिथे आडवा घालता यायचा नाही, उलटला असता. उभाच वर-खाली न्यायचा, आणि प्रत्येक बांधापाशी उतरून कटर खांद्यावर घ्यायचं.

बाई मशीनवर बसल्या होत्या. तोंडात दोन टाचण्या होत्या, त्या काढून म्हणाल्या, "ये गं. ट्रॅक्टर नाही आणलास?"

ताईने उभ्या उभ्याच सांगितलं. दर ठरल्याचं, सूट नसल्याचं, आणि ते आपणच म्हटल्याचं. बाई ऐकता ऐकता रजईची कड दुमडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला ठाऊक आहे, तुझ्या बाबांनी मला हा दर का दिला?"

"नाही."

"ट्रॅक्टर नवाकोरा होता. मी पहिली गिऱ्हाईक. फाटकात उभा राहिला, इकडून एकदा पाहिलं, आणि सांगून टाकला आकडा. मी म्हटलं, अहो, आत येऊन बघा तरी. तर म्हणाला, दिसतंय की, बाई, एवढंसं तर आहे! मी चेष्टेत म्हटलं, कायमचा हाच दर का? ऐटीत म्हणाला, कायमचा." बाईंना हसू फुटलं. "मग घराला वळसा घालून मागे गेला. बराच वेळ आवाजच येईना. मला वाटलं पडला की काय. जाऊन बघते तर कमरेवर हात ठेवून ओढ्याकडे बघत उभा."

ताईलाही हसू आलं.

"मी म्हटलं, जाऊ द्या, दर बदला. तर म्हणे, माप न घेता मी बोललो, त्यात तुमची काय चूक? अडीच दिवस लागले त्याला. आणि दर वर्षी तेच. शिलाईतही तसंच आहे बघ. माप न घेता शिलाई सांगितली की शिवणाराच अडकतो."

बाबांच्या त्या सांगण्याला इतकी वर्षं ती शहाणपण समजत होती. तो कानाला लावलेला खडा होता. आणि ती स्वतः काल टायरवर बसून तेच करून आली होती, जमिनीवरून न चालता बोलून बसली होती.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "त्याचा शब्द त्याच्याबरोबर गेला. तुझा मी तुला परत करते. नव्या दराने वरचा पट्टा तेवढा काप. खालचं राहू दे."

"खाली तुम्ही रजया वाळत घालता ना?"

"वर घालीन."

ताईने काठी घेतली आणि मागे गेली. पहिल्या बांधापर्यंतच्या पट्ट्यावर घराची सावली पडली होती, आणि दिवस बराच वर आला तरी ती हलली नव्हती. ऊन होतं ते दुसऱ्या बांधाच्या खाली. कापूस भरलेली रजई सावलीत वाळत नाही, आतून कुबट होते, हे सांगायला शिवणकाम यावं लागत नाही. गेल्या वर्षी कापलेल्या गवतावर तिने तिथे सात रजया मोजल्या होत्या, रंगीत, शेजारी शेजारी. बाई वर घालीन म्हणाल्या, ते तिला बरं वाटावं म्हणून.

मग ती चालायला लागली. चारी कोपऱ्यांना पाय लावले. तिन्ही बांध काठीने चाचपले. पण या वेळी वळणं मोजली नाहीत, डिझेल मोजलं नाही. फक्त रुंदी मोजली, आपल्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याने, एकेक पट्टा. फाटकाशी परत येऊन ती बाईंना म्हणाली, "दर जुनाच. पण वेळ जास्त लागेल, आणि आवाज अजिबात होणार नाही. आधी मला एका ठिकाणी विचारून येऊ द्या."

संध्याकाळी गॅरेजात बाकीचे सगळे होते, कारण जुळ्यांच्या ट्रॅक्टरचा पट्टा तुटला होता. ताई खांद्यावर लांब दांड्याचा विळा घेऊन आत आली, तसा फिटर पाना हातात धरून उभाच राहिला.

"याला धार लावून दे," ताई म्हणाली. "आणि सगळे आहात तर ऐका. बाईंच्या उतारावर मी यंत्र नेणार नाही. पुठ्ठा यंत्राचा आहे. रोज सकाळी, पहिल्या कामाच्या आधी दोन तास, मी हाताने कापणार. पैसे बाई देतील ते जुन्या दराचेच घेणार. हे लपून करायचं नाही म्हणून सांगतेय. तुम्हाला वाटलं की यात ठरलेलं मोडतंय, तर आत्ता सांगा. मी बाईंना नाही म्हणून येईन."

मोठ्या जुळ्याने धाकट्याकडे पाहिलं.

"म्हणजे आम्हीसुद्धा मावशीचं विळ्यानं कापलं तर चालेल?"

"चालेल," ताई म्हणाली.

"तळ्याजवळचं? तीन एकर?"

"कापा की."

जुळ्यांनी एकमेकांकडे पुन्हा पाहिलं. धाकटा म्हणाला, "मावशीला आपण पूर्ण दर सांगू." मोठा म्हणाला, "मी तेच म्हणणार होतो. दहा मिनिटं आधी."

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी विळा हातात घेतला, दांडा जमिनीवर टेकवून त्याची उंची पाहिली, पात्यावरून अंगठा फिरवला. ते काय म्हणतात याकडे फिटरसुद्धा बघत होता. सगळं त्यांच्यावर होतं, आणि ते त्यांना कळत होतं.

"किती दिवस धरलेस?" त्यांनी विचारलं.

"चालून आले आहे. बारा."

"बारात होत नाही. तीन बांध आहेत तिथे."

"बांध धरूनच बारा."

"पंधरा," काका म्हणाले. "आणि दांडा तुला लांब आहे, चार बोटं काप. कंबर मोडून घेतलीस तर तुझ्या गिऱ्हाइकांकडे कोण जाणार? मी नाही जायचो." मग विळा फिटरकडे दिला. "नीट लाव रे धार. पैसे घेऊ नकोस."

"का? सूट कुणालाच नाही," फिटर म्हणाला.

"बरं, घे."

ताईने पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती उठली. अंघोळ केली, रोजच्यासारखी हात जोडून क्षणभर डोळे मिटून बसली, चहा घेतला. बुटांत कापडाचा बोळा कोंबला. आई दाराशी आली, शेडकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ट्रॅक्टर नाही नेत?"

"नाही. चालत जाते."

पुठ्ठ्याच्या शेजारचा खिळा रिकामा होता. ताईने विळा खांद्यावर घेतला, पातं मागे वळवलं, कुणाला लागू नये म्हणून त्यावर जुनं पोतं गुंडाळलं, आणि रस्त्याच्या कडेकडेने हिरव्या फाटकाच्या दिशेने चालू लागली.